बायबल खरं मानता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात शिकायला आल्यावर रूममेटने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा दुसरा भाग, वाचायला दिला, आणि घरच्या ग्रुपवर काकांनी सांगितलं की हे सगळं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नंतर लिहवून घेतलंय. मग यातलं खरं काय धरायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथलीच मराठी ख्रिस्ती, कॉलेजात इतिहास शिकवते. माझं उत्तर 'हो, मानता येतं' असं आहे. मात्र ते कशाच्या आधारावर, हे सांगितल्याशिवाय त्या 'हो'ला किंमत नाही.

काकांचा मुद्दा आधी घेते, कारण तो सरळसरळ चूक आहे. ३२५ साली निकाया इथे जी परिषद भरली ती ख्रिस्त नेमका कोण, या वादावर. कोणती पुस्तकं ठेवायची याचा निवाडा तिथे झालाच नाही. येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौलाची पत्रं आणि योहानाचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत) यांच्या इ.स. २००च्या आसपासच्या, पपायरस या जुन्या प्रकारच्या कागदावरच्या प्रती आज उपलब्ध आहेत, आणि त्या आपल्या मजकुराशी ताडून पाहता येतात. नव्या कराराच्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७च्या पत्रात आहे. तोवर कॉन्स्टंटाइनला जाऊन तीस वर्षं झाली होती.

पण मूळ हस्तलिखितं तर कुठेच नाहीत, असं कुणी म्हणालं तर ते खरं आहे. पौलाने पाठवलेलं पत्र कुणाकडे नाही, आहेत त्या नकलांच्या नकला. इथे मी पुण्यातल्या माणसाला थेट भांडारकर संस्थेत पाठवीन. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे जवळजवळ अर्धशतक खपून तयार झाली. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरातली हजाराहून जास्त हस्तलिखितं शब्दशः ताडली. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही घराघरांत सांगितली जाणारी कथा त्यांनी मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात टाकली, कारण पुरावा तसा होता. म्हणून कुणी महाभारत खोटं ठरवलं नाही, उलट जुना पाठ कोणता याची खात्री वाढली.

नव्या कराराचं काम याच रीतीने चालतं. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांवर आहेत आणि त्यांत पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतीतले मजकुराचे फरक, पुष्कळ आहेत. बहुतेक स्पेलिंगचे, शब्दक्रमाचे, सुटलेल्या ओळीचे. दोन मात्र मोठे आहेत आणि ते कुणी लपवू नयेत. मार्काच्या १६व्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या ग्रीक प्रतींमध्ये नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींमध्ये नाही. ती गोष्ट मला जिवापाड प्रिय आहे. तरीही ती योहानाच्या मूळ मजकुरातली नसावी, हे मी आमच्या मंडळीतल्या तरुणांना सांगते. एक अक्षरही बदललेलं नाही, असं सांगून त्यांना कॉलेजात पाठवलं तर पहिल्याच पाठभेदाला त्यांचा विश्वास ढासळतो, आणि त्याला जबाबदार आम्ही मोठी माणसं असतो.

जुन्या करारासाठी, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या हिब्रू भागासाठी, १९४७पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडत गेलेल्या गुंडाळ्या पाहा. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी तोवर माहीत असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी निघाली. फरक होते, पण पुस्तक तेच. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचं चित्र जरा वेगळं आहे. त्याची एक आखूड आणि एक लांब अशी दोन रूपं तेव्हाच प्रचारात होती.

आता मजकूर नीट पोचला म्हणजे घटना घडल्या असं होत नाही. येशूला रोमन सुभेदार पिलाताने मारलं हे रोमन इतिहासकार टॅसिटसही सांगतो, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. यहुदी इतिहासकार जोसेफस येशूचा भाऊ याकोब याच्या मृत्यूची नोंद करतो. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१मध्ये कैसरियात सापडला. माझ्यासाठी सगळ्यांत वजनदार पुरावा मात्र पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आहे. ते पत्र इ.स. ५५च्या सुमाराचं, वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. त्यात पौल मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्यांची नावं देतो आणि सांगतो की पाचशेहून अधिक जणांपैकी बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. तो स्वतः येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याकडे यरुशलेमात पंधरा दिवस राहिला होता आणि याकोबाला भेटला होता, हे त्याच्याच गलतीकरांस पत्रात आहे. शिवाय शुभवर्तमानं रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रियांना उभं करतात, आणि त्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. पेत्राने भीतीपोटी प्रभूला नाकारलं, हेही ती लिहून ठेवतात. रचून सांगणारा स्वतःच्या पुढाऱ्याला असं उघडं पाडत नाही.

अडचणी आहेत. लूकाचं शुभवर्तमान येशूचा जन्म रोमन सुभेदार क्विरिनियाच्या शिरगणतीशी जोडतं. ती शिरगणती इ.स. ६ची, आणि मत्तयाचं शुभवर्तमान जन्म हेरोद राजाच्या काळातला सांगतं, जो इ.स.पूर्व ४च्या सुमारास वारला. यावर दिलेली उत्तरं मी वाचली आहेत, एकही मला पुरतं पटलेलं नाही. पण या तारखेच्या गुंत्याने पौलाची साक्ष हलत नाही. आणि उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय मी भूगर्भशास्त्राचं पुस्तक म्हणून वाचत नाही. तो देव कोण आणि माणूस कोण हे सांगायला लिहिलाय.

येशू देवाचा पुत्र आहे, हे कुठलंही हस्तलिखित सिद्ध करू शकत नाही. साक्षीदार प्रामाणिक होते इथवर इतिहास नेतो. पुढे त्यांचं म्हणणं मानायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी ते मानलंय, आणि रोज प्रार्थना करते ती त्याच येशूला.

पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी, तरी पवित्र शास्त्र मराठीत आणायला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून अख्ख्या बायबलाचं भाषांतर केलं. तुम्हाला इतकं करायची गरज नाही. रूममेटने दिलेल्या पुस्तकातलं मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा, दीडेक तासाचं आहे. मग लूकाच्या पहिल्या चार ओव्या वाचा, त्यात तो माहिती कशी गोळा केली ते सांगतो. त्यानंतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय. जिथे अडेल तिथला अध्याय आणि ओवी लिहून इथेच विचारा, मला जमेल तेवढं सांगेन. आणि रूममेटलाही विचारा, त्याने पुस्तक दिलंय ते त्यासाठीच.