न्यायला कोण येणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. नवऱ्याची बदली न्यू जर्सीत एडिसनला, तुम्ही एच-४ वर, म्हणजे त्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगा चौथीत. पुण्यात डिप्रेशनसाठी केटामाइनची सहा इन्फ्युजन, म्हणजे सलाइनमधून डोस, झाली, आता महिन्याला एक चालू आहे. तिकडे ते मिळेल का, आणि यावं का, असं विचारलंयत. व्हिसाचं एजंट सांगेल. मी २०२१ पासून इथे अमेरिकेत याच प्रकारचे उपचार घेतेय, म्हणून लिहिते.

मिळतं. पण सलाइनमधून देतात ते केटामाइन इथे भुलीचं औषध म्हणून मान्य आहे, डिप्रेशनसाठी नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, त्यामुळे इन्शुरन्स बहुधा हात वर करतो. एका वेळचे साधारण ४०० ते ८०० डॉलर खिशातून जातात. त्याचाच भाऊबंद म्हणजे एस्केटामाइनचा नाकात मारायचा स्प्रे, स्प्रावाटो. त्याला २०१९ साली मान्यता मिळाली. तो इन्शुरन्समध्ये बसू शकतो, पण आधी दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही गुण आला नाही, याचा पुरावा मागतात.

इथेच माझे चार महिने गेले. माझे पुण्याचे केस पेपर म्हणजे हाताने लिहिलेले नऊ कागद. एसिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनची गोळी, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी बंद, अक्षरच लागत नव्हतं. इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं, माहिती अपुरी. फोन केला की पाऊण तास होल्डवर, मग दर वेळी जन्मतारखेपासून सुरुवात. त्या दिवसांत मी मुलाचा डबा भरून त्याला बसमध्ये बसवायचे आणि पुन्हा अंथरुणात शिरायचे. आजारी माणसालाच तू खरंच आजारी आहेस का ते दाखव म्हणायचं, याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र घ्याच. औषधांची मूळ नावं, डोस, तारखा, का बंद केली, इन्फ्युजनमध्ये वजनाच्या हिशेबाने औषध किती आणि किती मिनिटांत, त्या वेळचं बीपी, सगळं त्यात हवं. आणि केटामाइनच्या गोळ्या घरपोच देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. घरी बीपी बघायला कुणी नसतं. एफडीएनेही, म्हणजे इथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्यानेही, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याबद्दल सावध केलंय.

क्लिनिकच्या फॉर्मवर एक ओळ असते, घरी नेणाऱ्याचं नाव आणि फोन. स्प्रेनंतर किमान दोन तास बसवून ठेवतात, आणि रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही. नवरा सोमवार ते गुरुवार दुसऱ्या राज्यात क्लायंटकडे. गणपतीला घरी पन्नास माणसं जेवून गेली होती, पण त्या ओळीवर लिहायला मला एक नाव सुचेना. शेवटी शेजारच्या बाईंना रूट कॅनल आहे असं सांगितलं. एकदा माझं बीपी उतरेना म्हणून उशीर झाला. मुलगा शाळेच्या ऑफिसात दप्तर मांडीवर घेऊन पाच वाजेपर्यंत बसला होता. शाळेने दुसऱ्या दिवशी नियमांचा कागद घरी पाठवला, पण काय झालं होतं असं कुणी एका शब्दाने विचारलं नाही. तो आता नववीत आहे. अजूनही मला पाच मिनिटं उशीर झाला तर फोन करतो.

गुण आला मला. तिसऱ्या डोसच्या दुसऱ्या दिवशी आमटीला फोडणी घातली आणि हिंगाचा वास आला. रोज घालतच होते, पण कित्येक महिन्यांत तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता. गॅस बंद करून तिथेच उभी राहिले.

यावं का, हे मात्र मला सांगता येत नाही. गोळ्या मी पुण्यातही खातच होते, तेव्हा आजार इथल्या थंडीने दिला असं म्हणता येत नाही. पण तिथे आई न विचारता येऊन बसायची. आईला मी यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही निघण्याआधी तुमच्या आईला सांगा, माझ्यासारखं टाळत बसू नका.

आणि एडिसनलाच घर घेतलंत तर त्या ओळीवर माझं नाव घाला. मंगळवार आणि गुरुवार मी दुपारी मोकळी असते. मुलालाही शाळेतून मीच आणेन.