नागपूरजवळच्या निकेलच्या खाणींचा इतिहास काय आहे?

नागपूरजवळच्या मनसरकडून जाताना जी खाण दिसते, ती निकेलची नाही, मॅंगनीजची. निकेलची खदान आमच्याकडे कधी चाललीच नाही. भारतातलं निकेल मुख्यतः ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे, क्रोमाईटच्या (क्रोमियमच्या खनिजाच्या) खाणींवरच्या लॅटराईट, म्हणजे जांभ्या मातीत.

मॅंगनीजचा इतिहास मात्र दणदणीत आहे. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी निघाली आणि विसावं शतक उजाडता उजाडता मनसर भागात खोदकाम सुरू झालं. गंमत बघा, तेव्हा भारतात पोलादाचा मोठा कारखानाच नव्हता, आणि मॅंगनीज लागतं ते प्रामुख्याने पोलादाला, त्यातला गंधक आणि ऑक्सिजन काढायला. त्यामुळे माल रेल्वेने बंदरावर आणि तिथून जहाजाने परदेशी. नशीब फळफळलं तेही दूरच्या घडामोडींनी. मॅंगनीजचा तेव्हाचा मोठा पुरवठादार रशियाच्या ताब्यातला कॉकेशस. १९०५ च्या क्रांतीत तिथलं उत्पादन कोलमडलं, भाव चढले आणि नागपूर, भंडारा, बालाघाटच्या टेकड्या धडाधड फोडल्या गेल्या. खनिज आपलं, मजुरी आपली, नफा मात्र लंडनला. शाळेच्या पुस्तकात कापसाचं हे गणित येतं, मॅंगनीजचं येत नाही.

१९६२ मध्ये या ब्रिटिश कंपनीच्या जागी मॉयल (मॅंगनीज ओअर इंडिया लिमिटेड) आली. तेव्हा ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचा, उरलेला जुन्या कंपनीचा. तोही १९७७ मध्ये घेतला गेला. मुख्यालय नागपुरातच, काटोल रोडवर. मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्याकडचं चिखला इथे आता जमिनीखालून काम चालतं. डोंगरी बुजुर्ग अजून उघडी खदान आहे. तिथलं मॅंगनीज डायऑक्साईड बॅटरीच्या सेललाही जातं. बालाघाटची खाण तर आशियातली सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाण समजली जाते.

निकेलशी नातं शोधायचंच असेल तर भांड्यांच्या दुकानात शोधा. निकेल महाग, म्हणून स्वस्त स्टेनलेस स्टीलमध्ये ते कमी करून मॅंगनीज वाढवतात. असं भांडं लवकर डागाळतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही, दुकानदार काहीही सांगो.