स्पॅनिशमध्ये 'एम्बार्गो' क्युबावरही असतो आणि कुणाच्या घरावरही. मग नेमका अर्थ काय?

दोन्ही अर्थ खरे आहेत: देशावर असेल तर व्यापारबंदी, घरावर असेल तर टाच, म्हणजे जप्ती. पण या शब्दापायी माझं एक काम गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात स्पॅनिश कागदपत्रांची भाषांतरं करते. चाकणच्या एका कारखानदाराला स्पेनमधल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं: कंपनीच्या खात्यांवर कोर्टाचा 'एम्बार्गो प्रेवेंतीवो' आहे, पैसे अडकलेत. मी लिहिलं, 'निकालाआधीच खात्यांवर टाच आली आहे.' एजन्सीतल्या तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'प्रतिबंधात्मक व्यापारबंदी' केलं, कारण इंग्रजी शब्दकोशात तोच अर्थ होता. मला विचारलंसुद्धा नाही. कारखानदाराला वाटलं, स्पेनने आपल्या मालावर बंदी घातली. तो तीन आठवडे निर्यातीचे नियम धुंडाळत बसला. खरं तर थकबाकीसाठी त्याने पहिल्याच दिवशी तिथला वकील गाठायला हवा होता. चूक मी दाखवली, तर पुढची कामं मलाच बंद झाली.

इंग्रजीने हा शब्द स्पॅनिशकडूनच घेतला, आणि तोही अर्धाच. स्पेनमध्ये सामान्य माणसाला एम्बार्गो भेटतो तो पगारावर. तिथल्या 2000 सालच्या दिवाणी प्रक्रिया कायद्यानुसार किमान वेतनाइतक्या पगाराला हात लावता येत नाही. त्यावरच्या रकमेतून टप्प्याटप्प्याने 30 ते 90 टक्के कापता येतात. करखातं तर कोर्टात न जाताही टाच आणू शकतं.

तेव्हा आधी बघा, एम्बार्गो कशावर आहे. खातं, पगार, घर असेल तर टाच. देश, तेल, शस्त्रं असतील तर बंदी. क्रियापदावर विसंबू नका. 'लेवांतार', म्हणजे उठवणं, दोन्हीकडे चालतं. अमेरिकेच्या 1962 च्या बंदीला क्युबाचं सरकार मात्र 'ब्लोकेओ', म्हणजे नाकेबंदी, म्हणतं. आणि 'सिन एम्बार्गो' दिसलं तर त्याचा अर्थ नुसता 'तरीही'.

हे मी स्पेनच्या कागदांवरून सांगतेय. मेक्सिको, अर्जेंटिनाची कार्यपद्धती वेगळी. शिवाय भाषांतर आपल्याकडच्या कोर्टात द्यायचं असेल तर 'टाच'ऐवजी 'जप्ती' लिहा, तिथे तोच शब्द रूढ आहे. बाईंनी ती दुरुस्ती सुचवली असती तर मी त्याच क्षणी मान्य केली असती.