जेवताना पाळायच्या जुन्या रीतींना आज काही अर्थ उरला आहे का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी पुण्यात, लग्न ठरलंय सोलापूरच्या मुलीशी आणि पुढच्या रविवारी होणाऱ्या सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला जायचंय. आईने फोनवर भलीमोठी यादी ऐकवली: मांडी घालून बस, डावा हात ताटाला लावू नको, मोठ्यांच्या आधी घास घेऊ नको, पानात काही टाकू नको, मचमच आवाज करू नको. त्यावर तुमचा प्रश्न असा की, कँटीनमध्ये एका हाताने मोबाइल चाळत जेवणाऱ्यांनी या रीतींचं करायचं काय, आणि हल्ली हे बघतं तरी कोण?

बघतात हो. आम्ही तरी बघतोच. आमचा घरचा धंदा केटरिंगचा, सोलापुरातच. वडील आचारी, मी वाढप करत करत मोठा झालो आणि आता ऑर्डरी घेतो. हातात आमटीची बादली घेऊन वाकून चालणाऱ्या माणसाला लोकांचे चेहरे कमी दिसतात, पानं जास्त. त्यामुळे माझं मत जेवणाऱ्याच्या बाजूने बनलेलं नाही, वाढणाऱ्याच्या बाजूने बनलंय, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या लेखी रीत पाळायची की सोडायची हे एवढ्यावरच ठरतं की ती शेजारच्याची, रांधणाऱ्याची आणि वाढणाऱ्याची कदर करते, की नुसतं कोण वरचा आणि कोण खालचा ते दाखवते.

आधी बिनमहत्त्वाचं उरकतो. पंगतीत मीठ पहिल्यांदा येतं, पानाच्या वरच्या अंगाला मधोमध. मग डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, उसळ, आमटी; शेवटी भात, वरण आणि तूप. वाढपाला आलेल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो की गार झालं तरी चालतं ते आधी, वाफ जाता कामा नये ते शेवटी. डावीकडचं बोटाने चाटण्यापुरतं असतं, उजवीकडचं घासागणिक लागतं, म्हणून ते हाताजवळ. हात पानावरून आडवा जात नाही, ओघळ पडत नाहीत. मोठ्या पंगतीत ही शिस्त लागतेच, नाहीतर वाढपी गोंधळतो. घरात चार माणसांच्या टेबलावर मात्र चटणी उजवीकडे गेली म्हणून कुणाचं पोट दुखल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि तुमचं ताट सासूबाई वाढणार आहेत, त्यामुळे ती काळजी तुमची नाहीच.

सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं, ही रीत मात्र मी हट्टाने पाळतो आणि पाळायला लावतो. तिचं कारण पंगतीच्या शेवटच्या टोकाला उभं राहिलं की कळतं. सुरुवातीच्या पानांवर भात पडतो तेव्हा टोकाच्या पानावर मीठ आणि लिंबूच असतं. पहिल्यांनी जेवायला सुरुवात केली तर शेवटच्याला भात मिळायच्या आत ते पुन्हा वरण मागायला लागतात. वाढपी आवाज येईल तिकडे पळतो. टोकाला बसलेली म्हातारी हाक मारत नाही, ती नुसती बघत बसते. श्लोक म्हणायचा तो देवासाठी असेल, पण आमच्या दृष्टीने शेवटच्या पानावर तूप पडल्याचा तो इशारा असतो. मग यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो आणि दोनशे हात एकदम भाताचं आळं करायला लागतात. बुफेत हे सगळं गेलं. जो आधी रांगेत, तो आधी जेवतो, आणि पुन्हा रांग नको म्हणून पहिल्याच फेरीत ताटाचा डोंगर होतो. आता बरेच यजमान स्वतःहून सांगतात की बुफे ठेवा, पण ज्येष्ठांसाठी एक पंगत वेगळी धरा. ज्यांना काठी टेकावी लागते त्यांनी एका हातात ताट घेऊन उभ्याने जेवायचं कसं?

उठण्याच्या रीतीबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. थोर माणूस उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हे ठीक. पण कित्येक थोर माणसं भराभरा जेवतात आणि हात झटकून उठतात. मग सगळी पंगत अवघडते आणि हळू खाणारी मुलं अर्धपोटी पान सोडतात. जाणता माणूस ताकभात चिवडत बसतो, सगळ्यात हळू जेवणाऱ्याकडे त्याचं लक्ष असतं. तुम्ही रविवारी पाहुणे असाल, तेव्हा घरातली लहान मुलं जेवत असतील तर तुमचा वेग त्यांच्या बेताने ठेवा.

आता पानात टाकण्याबद्दल. सोलापूर जिल्हा पावसाच्या बाबतीत कायम तंगीचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांना लुटू दिलं, ही कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक असते. ते लांबचं झालं. 1972चा दुष्काळ भोगलेली माणसं अजून घरोघर आहेत. रोजगार हमीवर खडी फोडलेली, मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खाल्लेली, पोरांना सुकडी नावाच्या, दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पूरक आहारावर वाढवलेली. तुमच्या सासुरवाडीला एखादी आजी असेल तर तुमच्या ताटातली अर्धी भाकरी ती कोणत्या नजरेने बघेल, याचा अंदाज यावरून करा.

आमच्या गल्लीत एक लिंगायत आजोबा होते. जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओतायचे, बोटाने कडेकडेने फिरवायचे, चटणीचा शेवटचा कण त्या पाण्यात आला की ताट तोंडाला लावून पिऊन टाकायचे. ताट घासायला टाकलं तर आधी घासलेलं का नंतर घासायचं ते कळू नये इतकं लख्ख. त्यांच्या लेखी ताटात आलेलं सगळं प्रसादच, आणि प्रसाद टाकायचा नसतो. बसवेश्वरांच्या काळापासून चालत आलेली दासोहाची परंपरा, म्हणजे मठात येईल त्याला जेवू घालायचं, त्याच विचारातली. लहानपणी आम्ही पोरं त्यांना हसायचो. आज कार्यालयाच्या मागे उष्ट्याचे ड्रम भरताना बघतो तेव्हा हसू येत नाही. जिलेबी अख्खी, मसालेभाताचा मूद न मोडलेला. ते अन्न सकाळपासून भट्टीपुढे उभ्या माणसांनी केलेलं असतं आणि मे महिन्यात आमच्या भटारखान्यात काय तापतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

पण टाकण्याचा सगळा दोष जेवणाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. यजमानाचा आग्रह हा दुसरा गुन्हेगार. ‘जावईबापू, एक तरी घ्याच, आमच्या हातची म्हणून’ असं म्हणत पोळी पडते आणि वर तुपाची धार. आग्रहाची रीत कमतरतेच्या दिवसांतली. पाहुणा लाजून कमी खाईल आणि उपाशी उठेल, या भीतीपोटी आलेली. आता कुणी लाजत नाही. तरीही नाही म्हणण्याची एक पद्धत असते. वाढायला हात पुढे येण्याआधी उजवा हात पानावर आडवा धरायचा, मान वर करून बघायचं आणि हसून ‘पुरे, अगदी पोटभर झालं’ म्हणायचं. वाढून झाल्यावर ‘अहो कशाला’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे पहिल्यांदा सगळं निम्मं घ्या आणि मग स्वतःहून एक पदार्थ मागा. पाहुण्याने मागून घेतलं की यजमानीणबाईंचं समाधान होतं आणि पुढचा आग्रह आपोआप निम्म्यावर येतो.

आवाजाचं काय, तर सोलापुरात ते नीट जमणारच नाही. कडक भाकरी मोडताना कडकन आवाज येणार, चावताना शेजारच्याला ऐकू जाणार. करमाळ्याकडची बाजार आमटी भाकरी कुस्करूनच खायची आणि शेवटचा रस्सा भुरकायचाच. त्याला कुणी काही म्हणत नाही. मचमच मात्र वेगळी. तोंड उघडं ठेवून चावणं कुणालाच आवडत नाही, ना माझ्या आईला, ना पंचतारांकित हॉटेलात. आणि चमच्याने भाकरी खायला जाऊ नका. हाताने खाताना खरकटं बोटांच्या दोन पेरांच्या वर जाऊ नये, एवढं सांभाळलंत की झालं.

डाव्या हाताची गंमत अशी की ती रीत पाटावरच्या जेवणासाठी होती. तिथे वाढणारा वेगळा, त्याचा उजवा हात स्वच्छ. डायनिंग टेबलावर भांडी मधोमध ठेवून प्रत्येकजण स्वतःच घेतो आणि उजवा हात तर बरबटलेला. मग पळी धरायची कुठल्या हाताने? माझ्या मते खरकट्या उजव्या हाताने पळी बरबटवण्यापेक्षा स्वच्छ डाव्या हाताने भाजी घेतलेली केव्हाही बरी, आणि बहुतेक घरांत आता हेच चालतं. शंका वाटली तर शेजारच्याला ‘जरा वाढता का’ म्हणा. पाण्याचा तांब्या-पेला डाव्या हाताने उचलायला बहुतेक घरांत हरकत नसते.

सासुरवाडी कोणत्या घरातली, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सोलापुरात त्यावर बरंच अवलंबून असतं. इथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच बोळात ऐकू येतं. गिरण्या आणि मागांच्या निमित्ताने तेलंगणातून आलेले पद्मशाली पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. लिंगायत घरात वडीलधारे इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण केलेल्या लहान लिंगाची, पूजा झाल्याशिवाय पानावर बसत नसतील, तर तुम्हालाही थांबावं लागेल. माझ्या मुसलमान मित्राकडे दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवायला अंथरलेल्या कापडाभोवती, एकाच मोठ्या थाळ्यात जेवतात तेव्हा घास आपल्या समोरच्या बाजूनेच घ्यायचा. पलीकडचा मटणाचा तुकडा कितीही खुणावत असला तरी हात तिकडे जाता कामा नये. त्यामुळे इथे वाढलेल्या माणसाला एकच एक यादी पाठ करून भागत नाही. दुसऱ्याच्या घरी घरधनी काय करतो ते पहिली दोन मिनिटं बघायचं आणि मग हात घालायचा.

आता ज्या रीती बुडाल्या तर मी पेढे वाटेन, त्या. जातीप्रमाणे वेगळ्या पंगती बसायच्या, कुणाला आत पाटावर आणि कुणाला बाहेर अंगणात लांबून वाढायचे. ते मोडायला पत्रकार आणि समाजसुधारक अनंत हरी गद्र्यांसारख्यांना झुणका-भाकरीची सहभोजनं घालावी लागली. ते गेलं म्हणतात. पण एकाच लग्नात ‘व्हीआयपी’ पाहुण्यांना वेगळं दालन, वेगळा मेनू आणि काजूची वेगळी भाजी, अशा ऑर्डरी मला आजही येतात. पंक्तिप्रपंच तोच, फक्त एसी लावलेला. धंदा म्हणून घेतो, मनापासून नाही.

दुसरी, बायकांनी शेवटी जेवायची. शेवटच्या पंगतीला पुऱ्या गार, भाजीत नुसता रस्सा आणि गोड संपलेलं. दिवसभर राबलेल्या जावा-नणंदा तेच खाऊन उठतात आणि कुणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करणं म्हणे रीतीत बसत नाही. ऑर्डर घेतानाच मी आता यजमानाला विचारतो, घरच्या बायका कोणत्या पंगतीला बसणार? उत्तर गुळमुळीत आलं की सरळ पंधरा-वीस पानांचं सगळं, गोडासकट, पहिल्या पंगतीआधी डब्यांत काढून ठेवतो. रविवारी तुमच्या बाबतीतही हेच होईल. सासूबाई आणि तुमची होणारी बायको वाढत उभ्या राहतील आणि तुम्ही पुरुष जेवाल. तिथे ‘तुम्हीही बसा ना, आपण घेऊ हाताने’ एवढं एकदा म्हणून बघा. बसतील किंवा नाही बसणार. पण ते वाक्य त्या घरात बराच काळ लक्षात राहील, आईच्या यादीतल्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त.

मोबाइल आईच्या यादीत नसेल, कारण तिच्या आजीच्या यादीत नव्हता. मी तो घालतो. बादली घेऊन ‘आमटी? आमटी?’ करत उभं राहावं आणि समोरच्याने स्क्रीनवरून मान न काढता नुसता हात हलवावा, त्या हलण्याचा अर्थ हवी की नको ते आम्ही ओळखायचं. याहून मोठा असभ्यपणा मला तरी माहीत नाही. ताटाचा एक फोटो काढायचा तर काढा, पण वाढून झाल्यावर आणि इतरांचा घास न अडवता.

मांडी घालून बसायची सवय मोडली असेल तर आजपासून रोज थोडं बसा, नाहीतर अर्ध्या जेवणात पायाला मुंग्या येतील. गुडघे साथ देत नसतील तर सरळ खुर्ची मागा, त्यात काही कमीपणा नाही. शेंगा चटणी पहिल्यांदा बेताने घ्या, जोडीला दही मागून घ्या, पुण्यातल्या पाकिटात मिळते तिच्यापेक्षा ती तिखट असेल. आणि जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघा. ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत ते तुमच्या हातातून काढून घेतील, ते घेऊ द्या.