पांडुरंग रजेवर आहे
वाचकांचे प्रश्न : आजारातून उठताना

प्रश्न : माझे मिस्टर ५१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर. आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. जानेवारी २०२५मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, त्यात हे सापडले. आधी जुलाब, मग आठवड्याभराने पायांना मुंग्या आणि पुढच्या तीन दिवसांत जिना चढता येईना. ११ दिवस व्हेंटिलेटर, एकूण महिनाभर हॉस्पिटल. आता नववा महिना चालू आहे. वॉकर धरून घरातल्या घरात चालतात, पण पावलं लोंबतात, बोटं हलत नाहीत. पूर्वी हा माणूस नकला करून घर डोक्यावर घ्यायचा. आता भिंतीकडे तोंड करून पडून असतात. येणारा प्रत्येक जण सांगतो, "हसत राहा, हसणं हेच औषध." गणपतीत दीर आले आणि विनोद सांगायला लागले, तर हे उठून आत जायला निघाले आणि उठता उठता सोफ्यावरून खाली घसरले. लागलं नाही, पण मला हसू फुटलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला मात्र परवा म्हणाले, "गाडी अजून घाटातच आहे." ती हसली, मी आत जाऊन रडले. यांना हसवायचं की नाही? आणि हे बरे होणार ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडाली असणार.

जीबीएसमधून बहुतेक माणसं पुन्हा आधाराशिवाय चालू लागतात. ज्यांना व्हेंटिलेटर लागला त्यांना वेळ जास्त लागतो, आणि सुधारणा वर्ष उलटल्यावरही चालू राहते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. जुलाब करणारा कॅम्पायलोबॅक्टर हा त्यातला नेहमीचा जंतू. तुमच्या साथीतही काही रुग्णांच्या तपासणीत तोच सापडला होता. नसेवरचं आवरण तेवढं खराब झालं असेल तर दुरुस्ती लवकर होते. आतली तारच तुटली असेल तर ती नव्याने वाढावी लागते, आणि तिचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. घरात शिवणाची टेप असेल तर त्यांच्या गुडघ्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचं अंतर मोजून पाहा. दोन फुटांच्या आसपास भरेल. नवव्या महिन्यात बोटं का हलत नाहीत, हे त्या टेपवर दिसेल. आजार पायांकडून वर चढतो आणि उतरताना वरून खाली येतो, त्यामुळे बोटांचा नंबर शेवटचा. मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून तारीख देणार नाही. पण नववा महिना म्हणजे उशीर झाला, असं मनात आणू नका.

आता हसण्याचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं मेंदूच्या आणि नसांच्या रुग्णांबरोबर काम करते. हसण्याने नस लवकर वाढते असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. "हसणं हेच औषध" हे ऐकून ज्याला हसू येत नाही, त्याला वाटतं की औषध घेण्यातही आपणच कमी पडतोय. आधीच पाय चालत नाहीत, त्यात हे ओझं. येणाऱ्याजाणाऱ्यांना हे वाक्य बोलू देऊ नका. दारातच सांगा, चहा घ्या, क्रिकेटबद्दल बोला, हसायचा उपदेश नको.

तरीही हसण्यावर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण सासवडकडचे एक माळकरी शेतकरी. साठीच्या पुढचे. त्यांना हाच आजार झाला होता आणि त्यात चेहऱ्याच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या. जीबीएसमध्ये हे बऱ्याच जणांना होतं. डोळे मिटत नाहीत, रात्री पट्टी लावून झोपवावं लागतं. आणि माणूस हसला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही, घरच्यांना वाटतं रुसलाय. आम्ही आरशासमोर ओठांचे व्यायाम घ्यायचो. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटावे लागतात आणि त्यांचे मिटायचे नाहीत. 'हरी' म्हणताना ओठ लागतच नाहीत, तो स्वच्छ निघायचा. 'पांडुरंग' काही केल्या निघेना. जन्मभर ज्याचं नाव घेतलं तोच तोंडात येईना, म्हणून पहिले काही दिवस ते आरशाकडे बघायलाच तयार नव्हते.

एका सकाळी मी म्हटलं, "चला माउली, प." ते म्हणाले, "हांडुरंग रजेवर हाय. तवर हरीवर चालवू."

त्यांच्या बायकोने आधी कपाळावर हात मारला, देवाची थट्टा नको म्हणाल्या, आणि मग पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, पाटीसारखा कोरा. पण सदऱ्याखाली पोट गदागदा हलत होतं. त्या दिवशी त्यांनी ओठांचा व्यायाम दहाऐवजी तीस वेळा केला, मी थांबवलं म्हणून थांबले. हसण्याने ओठांत ताकद आली नव्हती. पण न होणारी गोष्ट तीस वेळा करून बघायला माणूस तयार झाला होता, आणि अशा आजारात महिनोन्महिने नेमकं तेच करावं लागतं.

पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. त्याला ही गंमत कळली होती. खाटेजवळ येऊन तो मोठ्याने म्हणाला, "काय तात्या, पांडुरंग आला का कामावर?" तात्यांनी मान फिरवली आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. शब्द तेच, गंमत तीच. पण आदल्या दिवशी ती त्यांची होती आणि आता ती त्यांच्यावर होती.

आजाऱ्याच्या हातून बऱ्याच गोष्टी जातात. अंघोळ दुसरा घालतो, घास दुसरा भरवतो, किती वाजता उठायचं तेही दुसरा ठरवतो. आपल्या दुखण्याला नाव ठेवायचा हक्क तेवढा त्याचा उरतो. तो आपण घेऊ नये. म्हणून दिरांचे विनोद नकोत, आणि तुम्हीही त्यांना हसवायच्या मागे लागू नका.

सोफ्याच्या प्रसंगाबद्दल स्वतःला फार बोल लावू नका. इतके महिने धसका घेतलेल्या माणसाला असं हसू फुटतं, मी बायकांना अतिदक्षता विभागाच्या दारात हसताना पाहिलंय. पण त्यांच्या बाजूने बघा. जानेवारीत ते असेच खाली गेले आणि महिनाभर उठले नाहीत. घसरणं त्यांच्यासाठी त्या दिवसांत परत जाणं आहे. एकदा सरळ सांगा, "त्या दिवशी मी हसले, चुकलं माझं, मी घाबरले होते." एकदाच सांगा, रोज नको.

आणि ज्या वाक्यावर तुम्ही रडलात ते पुन्हा वाचा. "गाडी अजून घाटातच आहे." ताई, तुम्हाला वाटतंय हा माणूस हसणं विसरला, आणि त्याने तर सुरुवात केलीये! आपल्या धंद्याच्या भाषेत आपल्या आजाराला नाव दिलंय. शिवाय किती नेमकं! घाट खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरायचा, हे एसटीच्या ड्रायव्हरला कुणी शिकवायला नको. आजार तीन दिवसांत वर चढला आणि आता महिन्याला इंचाने उतरतोय. पुढच्या वेळी ते असं काही बोलले तर रडू नका, आणि लगेच टाळ्याही वाजवू नका. साधं विचारा, "कुठला घाट? कात्रज का खंबाटकी?" बोलले तर बोलतील, नाही बोलले तर सोडून द्या. पुतण्याने केलं तसं ते वाक्य दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मात्र काढू नका.

थोडं कामाचंही सांगते. व्यायाम थोडा थोडा, दिवसातून चार वेळा, दमायच्या आत थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाय जास्त जड वाटले तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. या आजारात जोर लावून लवकर फळ मिळत नाही, उलट थकलेले स्नायू मागे जातात. पाऊल लोंबतं त्यासाठी बुटात बसणारी प्लास्टिकची पट्टी मिळते, तिला एएफओ म्हणतात. अजून दिली नसेल तर विचारा, तिने अडखळणं आणि पडण्याची भीती दोन्ही कमी होतात. बोटं हलत नसली तरी जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी ओढायचा प्रयत्न रोज करायचा, तुमच्या हाताच्या मदतीने. आणि नव्याने मुंग्या चढू लागल्या किंवा आलेली ताकद परत जाऊ लागली, तर वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

भिंतीकडे तोंड करून पडणं मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल किंवा 'मी नसतो तर बरं' अशी भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करा, नऊ महिने तुम्हीही जागताय.

माळकरी बाबांचा 'प' सहाव्या महिन्यात आला. ओठ मिटले, गाल फुगले आणि एवढ्या जोरात सुटला की आरशावर थुंकी उडाली. त्यांनी उपरण्याने आरसा पुसला, डोळेही त्याच टोकाने पुसले आणि म्हणाले, "आता हरीला सुट्टी द्या."

तुमच्या घाटाचं नाव मला जरूर कळवा. मी वाट बघते.