उडीचा निर्णय जमिनीवरच घ्यावा

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रंकाळ्यावर बसून तुम्ही मित्रांनी जो बेत आखला, तो तुझ्या पत्रातून समजला. थंडीत हरियाणातील नारनौलला जाऊन सर्वांनी मिळून स्कायडायव्हिंग करायचे ठरले आहे आणि त्याआधी मी काही सांगावे, अशी तुझी इच्छा आहे. सैन्यात मी मारलेल्या उड्या हजार-बाराशे फुटांवरच्या होत्या आणि विमानाला अडकवलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडत असे. तुझी उडी त्याहून वेगळ्या जातीची आहे. तरीही उघड्या दारापाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालते ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

पहिल्या वेळी तुला टँडम पद्धतीने, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून नेतील. तुझा हार्नेस, म्हणजे अंगावरचे पट्टे, खांद्यांपाशी दोन आणि कमरेपाशी दोन अशा चार जागी प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडलेला असेल. दहा हजार फुटांच्या आसपास विमानातून बाहेर पडताच प्रशिक्षक ड्रोग नावाचे एक लहान पॅराशूट सोडतो, ज्यामुळे दोघांच्या एकत्रित वजनाचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि शरीरे स्थिर राहतात. साधारण पाच हजार फुटांवर मुख्य पॅराशूट उघडते आणि पुढची पाच-सात मिनिटे तरंगत खाली येण्यात जातात. मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही, तर प्रशिक्षक ते तोडून टाकतो आणि राखीव पॅराशूट उघडतो. त्यालाही ते जमले नाही, तर उंची आणि वेग ओळखून राखीव पॅराशूट उघडणारे स्वयंचलित यंत्र पाठीवर असते. या सगळ्यात तुझ्या वाट्याला तीनच गोष्टी येतात: बाहेर पडताना शरीराची कमान करणे, हात सांगितले तिथे ठेवणे आणि उतरताना दोन्ही पाय उचलून धरणे. तेव्हा तुझी खरी जबाबदारी विमान उडण्याच्या आधीच पार पडायला हवी, आणि नेमक्या त्याच वेळी मित्रांची सोबत अडचणीची ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्राची निवड सर्वांत स्वस्त दर पाहून करू नका. प्रशिक्षकाकडे टँडमचा स्वतंत्र परवाना आहे का आणि तो कोणत्या संस्थेचा आहे, हे विचार. अमेरिकेतील स्कायडायव्हिंगची राष्ट्रीय संघटना असा परवाना देताना किमान ५०० उड्या आणि या खेळातील तीन वर्षांचा अनुभव मागते. तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. राखीव पॅराशूटची घडी शेवटची केव्हा घातली, तेही विचार. ती घडी परवानाधारक माणसाने घालून त्याची तारीख नोंदवायची असते, आणि अमेरिकेत तिची मुदत १८० दिवसांची आहे. असे प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो, त्याच्याशी स्वतःला बांधून घेऊ नये. धोक्याविषयी म्हणशील, तर २०२३ साली अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमागे दहा मृत्यू नोंदले गेले. आकडा दिलासा देणारा आहे. मात्र तो तिथल्या शिस्तीतून आलेला आहे आणि आपण जिथे जाणार तिथेही तीच शिस्त आहे का, हे आपणच पाहायचे असते.

तुमच्यातील जो तालमीत जातो, त्याचे वजन शंभराच्या पुढे असल्याचे तू ओझरते लिहिले आहेस. बहुतेक केंद्रांची मर्यादा नव्वद ते शंभर किलोच्या दरम्यान असते, कारण दोघांचे मिळून वजन जितके अधिक, तितका पॅराशूटवर ताण जास्त आणि उतरण्याचा वेगही जास्त. कुस्तीच्या वजनगटासाठी चार दिवसांत किलो उतरवणारा हा मुलगा अर्जावर खोटा आकडा लिहायला कचरणार नाही, आणि तुम्ही बाकीचे हसून ते चालवून घ्याल, ही मला भीती आहे. तसे होऊ देऊ नका. सर्दी, कानाचे दुखणे, पाठीचा जुना आजार, फिट येणे, रक्तदाब यांपैकी काहीही कोणी लपवू नये. नाक चोंदलेले असताना इतक्या उंचीवरून झपाट्याने खाली आले, तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

फेटा बांधून उडी मारायची आणि चित्रफीत काढायची, ही कल्पनाही तुमचीच दिसते. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती हे खरे, पण तेव्हा त्यांच्या पाठीशी शेकडो उड्या होत्या. पहिल्याच उडीत सैल कापडाचा एकही तुकडा अंगावर नको. फेटा खाली उतरल्यावर बांधा. कोल्हापूरकरांचा उत्साह तेवढ्याने कमी होणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मराठा लाइट इन्फंट्रीतूनच घडलेली दुसरी पॅरा बटालियन ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, तिथल्या टांगाइलला छत्रीने उतरली, तेव्हा दारात उभ्या असलेल्या जवानाला नकार द्यायचा पर्याय नव्हता. तुला तो आहे, अगदी विमानाचे दार उघडल्यानंतरही, आणि चांगला प्रशिक्षक तुला त्याच विमानातून मुकाट्याने परत आणतो. परंतु चार मित्र पुढे गेलेले असताना पाचव्याला 'नको' म्हणणे फार जड जाते. म्हणून निघण्यापूर्वी घरी एकट्याने बसून ठरव की मित्र नसते, तर तू गेला असतास का. आई-वडिलांनाही आधीच सांग. परतल्यावर छायाचित्रे दाखवून धक्का देण्यात काही शौर्य नाही.

पोटात गोळा येईल का, असे तू विचारले आहेस. जोतिबाच्या यात्रेतला पाळणा खाली येताना येतो तसा सहसा येत नाही, कारण विमानाचा वेग आधीच तुझ्या अंगात असतो. श्वास मात्र पहिले काही क्षण कोंडल्यासारखा वाटतो; तो नाकाने घेत राहा. वर खालच्यापेक्षा साधारण वीस अंशांनी अधिक थंडी असेल. पायताण नको, नाडीचे बूट घाल. आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारू नये आणि उपाशीही राहू नये. सहलीत कुठे तारकर्लीचे स्कूबा जोडणार असाल, तर ते आणि उडी यांत किमान चोवीस तासांचे अंतर ठेवा.

हिवाळ्यात तिकडे सकाळी धुके असते, वाराही बदलतो आणि उडी पुढे ढकलली जाते. परतीचे आरक्षण त्याच दिवसाचे करू नका, नाहीतर गाडी चुकेल म्हणून तुम्हीच प्रशिक्षकाच्या मागे लागाल. विम्याची कागदपत्रेही पाहून ठेव, कारण अनेक पॉलिसींतून साहसी खेळ वगळलेले असतात. आणि पैसे भरण्यापूर्वी मित्रांना एकत्र बसवून एक गोष्ट ठरवून घे: ऐनवेळी कोणी माघार घेतली, तर त्याची बुडालेली रक्कम सर्वांनी समान वाटून सोसायची.

तुझा,
आबा