मानसिक आजारी भावाला पुनर्वसन केंद्रात ठेवताय? आधी एवढं बघा

ताई, पोटात गोळा येणारच. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मी बाग आणि टीव्ही बघून जागा ठरवली. दोन महिन्यांनी भेटले तर भर दुपारी पेंगत होता, शर्टावर आमटीचा वाळलेला डाग. गोळ्या का वाढवल्या, कुणाला धड सांगता येईना.

सुरुवातीला एवढंच:

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र मागून वाचा.
- ऑफिसात चहा पिऊन परत फिरू नका. संडास बघा, जेवणाच्या वेळी जा. रात्रपाळीला किती माणसं असतात, विचारा.
- 'पेशंट आवरला नाही तर काय करता?' हे विचाराच, आणि उत्तर देताना चेहरा बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधायला, एकट्याला कोंडायला बंदी आहे. धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तरच जखडता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि नोंद करून.

नवखे हमखास चुकतात ते इथे: 'महिनाभर भेटू नका' म्हटलं की मान डोलावतात. भेटीगाठी हा पेशंटचा हक्क आहे.

रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा, फुकट आहे. कागदपत्रांचं नंतर सांगते. भावाला सोडायला जाल तेव्हा त्याची नेहमीची चादर तेवढी सोबत न्या.